हलका हात

आमच्या ग्रामीण रुग्णालयातल्या नऊ नंबरच्या खोलीला खिडकी आहे, पण तिच्या काचांना आतून काळा रंग दिलाय. मीच दिला होता, एका रविवारी, पदरचे पैसे घालून. दारावर 'नेत्र विभाग' अशी पाटी असली तरी शिपायापासून पेशंटपर्यंत सगळे तिला अंधारखोली म्हणतात. "डोळ्याचं हाय का? मग अंधारखोलीत जावा," असं केसपेपरच्या खिडकीतला माणूस दिवसातून पन्नासदा सांगतो आणि त्यात काही गंमत आहे हे अजून त्याच्या लक्षात आलेलं नाही.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात अक्का तिच्या धाकट्या लेकीला घेऊन या खोलीत आली. पेरण्या खोळंबलेल्या, उकाडा असा की पंख्याखालीही सदरा पाठीला चिकटत होता. अक्का स्टुलावर टेकली आणि म्हणाली, "हिला जरा समजावून सांग." आमच्याकडं 'समजावून सांग' याचा अर्थ निर्णय घरी झालेला आहे, त्यावर एका नोकरदार माणसाचा शिक्का तेवढा पाहिजे, असा असतो.

भाचीची नीटची ही दुसरी खेप. ७२० पैकी ४६८. लातूरला दोन वर्षं होस्टेलची खोली, मेसचा डबा, रात्री अकरापर्यंत अभ्यासिका. पहिल्या वर्षी वजन उतरलं, दुसऱ्या वर्षी केस गळाले. दाजींच्या मनात तीन वाटा होत्या. पुन्हा एकदा रिपीटर बॅच, नाहीतर परदेशातलं एमबीबीएस (त्याचा एजंट घरी येऊन दोनदा चहा पिऊन गेला होता), नाहीतर बीएएमएस. पोरगी मात्र म्हणत होती, "मला डोळ्याचं करायचंय." डोळ्याचं म्हणजे नेमकं काय, ते तिला सांगता येत नव्हतं.

मी म्हटलं, "अक्का, समजवायचं मागून बघू. आठ-दहा दिवस राहू दे हिला इथं."

हे 'डोळ्याचं' तिच्या डोक्यात कुठून आलं ते मला ठाऊक होतं. आमची माय, म्हणजे तिची आजी. मायच्या उजव्या डोळ्यात फूल होतं. तिशीत असताना ज्वारीची पात लागल्याचं निमित्त झालं. गल्लीत डोळ्यातला कण जिभेनं काढून देणारी एक म्हातारी होती, तिच्याकडं नेलं. मग कुणी शेळीचं दूध घालायला सांगितलं, तेही घातलं. पंधरा दिवसांनी अंबाजोगाईला नेलं तोवर बुबुळावर पांढरा डाग कायमचा बसला होता. पुढं आयुष्यभर माय सुईत दोरा ओवताना मान वाकडी करायची. ती लकब अक्कानं उचलली, अक्काचे दोन्ही डोळे ठणठणीत असताना. आणि आता अंधारखोलीच्या दारात उभी राहून भाची आत डोकावत होती, तर तिचीही मान तशीच एका अंगाला.

माझं स्वतःचं सांगायचं तर मी १९९७ चा बारावी. तेव्हा नीट नव्हती, सीईटीही नव्हती, पीसीबीच्या, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीच्या मार्कांवर एमबीबीएस मिळायचं. मला ते थोडक्यात हुकलं. किती थोडक्यात ते अजून तोंडपाठ आहे, पण सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसानं बारावीचे मार्क सांगत बसू नये. सत्तर टक्के जागा ज्या त्या विभागातल्या पोरांना आणि तीस टक्के बाहेरच्यांना, असा तो सत्तर-तीसचा नियम होता. मराठवाड्यात कॉलेजं मोजकी, त्यामुळं आमच्या वाट्याला जागाही मोजक्या. त्या नियमाला शिव्या देत आमच्या पिढीनं टपऱ्यांवर किती चहा संपवला असेल त्याला हिशोब नाही. २०२० मध्ये तो नियम गेला. मी मात्र तोवर ऑप्थॅल्मिक असिस्टंटचा दोन वर्षांचा कोर्स करून, एका धर्मादाय नेत्र रुग्णालयात उमेदवारी करून, सरकारी नोकरीत रुळून गेलो होतो. हुद्दा नेत्र चिकित्सा अधिकारी. लोक डॉक्टर म्हणतात. पहिली दहा वर्षं ते ऐकून बरं वाटायचं आणि लगेच टोचायचंही. लग्नाच्या पंगतीत शेजारी एखादा खरा एमबीबीएस येऊन बसला की 'काय करता?' या प्रश्नाला मी बारीक आवाजात उत्तर द्यायचो.

पहिल्या दिवशी मी भाचीला काहीच समजावलं नाही. कोपऱ्यात स्टूल दिलं आणि म्हटलं, बस. फोन बाहेर ठेव, त्याचा उजेड नको.

पावसाळ्यात आमच्याकडं गर्दी जास्त. त्याचं कारण डोळ्यांत नाही, उसात आहे. दिवाळीच्या सुमाराला आमच्या तालुक्यातले कोयते, म्हणजे ऊसतोड कामगार, कारखान्यांकडं निघून जातात, ते उन्हाळ्यात परत येतात. त्यामुळं मोतिबिंदू, चष्मा, खुपणारा डोळा, सगळं 'कारखान्यावरून आल्यावर बघू' म्हणून ठेवलेलं असतं. त्या सकाळी नऊ वर्षांची एक पोरगी आली. मास्तरांनी पाठवली होती, वाचताना पुस्तक एका बाजूला धरते म्हणून. शाळेत डोळे तपासायला आमचं पथक हिवाळ्यात गेलं, तेव्हा ही सलग तीन वर्षं उसाच्या फडात आईबापांच्या कोपीवर होती. मी रेटिनोस्कोप उचलला.

रेटिनोस्कोप म्हणजे मुठीत मावणारी बॅटरी. तिच्यातून उजेडाची एक बारीक पट्टी निघते. ती बाहुलीतून आत जाते आणि पडद्यावरून केशरी होऊन परत येते. आपण पट्टी हलवली की आतला उजेडही हलतो. आपल्या सोबत हलला तर अधिकचं भिंग लावायचं, उलटा हलला तर उणेचं. भिंगं बदलत जायचं, आणि एका भिंगाला तो उजेड हलायचा थांबतो, अख्खी बाहुली एकदम पेटल्यासारखी उजळते. नंबर सापडला. आपण डोळ्यापासून ६६ सेंटिमीटरवर बसलेलो असतो म्हणून शेवटी दीड वजा करायचा. या सगळ्यात पेशंटनं एक शब्द बोलायची गरज नसते. तान्ह्या लेकराचा, मुक्या माणसाचा नंबर यावरच निघतो. मला या यंत्राइतकं जीव लावणारं दुसरं काही आयुष्यात भेटलं नाही. हे बायकोला माहीत आहे.

पोरीच्या डाव्या डोळ्याला नंबर जवळपास नव्हताच. उजव्याला अधिक पाच. ते भिंग लावूनही तिला तक्त्यावरची वरून तिसरीच ओळ दिसत होती, ६/२४. भाचीनं अंधारातून विचारलं, "मामा, आता नंबर दिला की. मग दिसंना कामून?" मी सांगितलं, याला आळशी डोळा म्हणतात. डोळा चांगला असतो, पण लहानपणापासून त्यातून अंधुक चित्र गेल्यामुळं मेंदूनं त्याचं ऐकणंच सोडलेलं असतं. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा लागला असता, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधली असती, तर बरंच भरून आलं असतं. अजूनही पट्टी बांधायची, मिळेल तेवढं मिळवायचं.

"ऑपरेशन?"

"याला ऑपरेशन नाही."

ती गप्प झाली. दोन वर्षं तिला सांगण्यात आलं होतं की डॉक्टर म्हणजे ऑपरेशन.

दुपारी एक बाई आली. पेरणीआधी रानातली तुरीची धसकटं वेचताना एक डोळ्यात लागलं होतं. दहा दिवस झालेले. मेडिकलवाल्यानं थेंब दिले होते, ती बाटली पदरात बांधून आणलेली. मी बाटली वाचली आणि पोटात गोळा आला. स्टेरॉइड. स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, बुबुळावरची जखम करडी, कडा पिसासारख्या. असली जखम काडीकचऱ्यातून आलेल्या बुरशीची असायचा संभव मोठा, आणि बुरशीला स्टेरॉइड म्हणजे पिकाला खत. पहिले दोन दिवस लाली कमी होते, बाईला वाटतं गुण येतोय, आणि खाली सगळं पोखरत जातं. मी थेंब बंद केले, चिठ्ठी लिहिली, अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला आजच्या आज जायला सांगितलं आणि तिच्या नवऱ्याला तीनच्या बसचा नंबरही लिहून दिला.

भाची म्हणाली, "तुम्हाला कळलं होतं ना बुरशी हाय म्हणून? मग बुरशीचं औषध का नाही दिलं?"

"मला संशय आला. कळायला ती जखम खरवडून काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागती. ते माझं काम नाही."

हे वाक्य म्हणायला मला किती वर्षं लागली ते तिला सांगितलं नाही. 'हे माझं काम नाही' म्हणताना सुरुवातीला जीभ जड व्हायची, पंगतीतला तो एमबीबीएस आठवायचा. आता होत नाही. त्या दिवशी ती बाई जाताना माझ्या डोळ्यांपुढं मायचा डोळा होता, आणि तो शेळीच्या दुधाचा चमचा.

संध्याकाळी गच्चीवर बसलो. खाली लाईट गेलेली. भाचीनं वही आणली होती, मी एका जुन्या केसपेपरच्या पाठीमागं हिशोब मांडला. तो इथंही देतो, कारण आमच्याकडचे आईबाप पोराला लातूरला टाकताना हा हिशोब शेवटपर्यंत कधी मांडत नाहीत.

एमबीबीएस साडेचार वर्षं, वर खालच्या मानेनं एक वर्ष इंटर्नशिप. सरकारी कॉलेज असेल तर एक वर्ष बंधपत्राची सेवा. मग नीट पीजी, म्हणजे पुढच्या पदवीची प्रवेशपरीक्षा, आणि तिथं नेत्र विभागच मिळेल याची खात्री नाही. रँक ज्याची, ब्रँच त्याची. मिळाला तर एम.एस. किंवा त्याच तोलाची डी.एन.बी., तीन वर्षं. पूर्वी कॉलेजांत दोन वर्षांचा डिप्लोमाही सर्रास असायचा. तालुक्यातल्या जुन्या दवाखान्यांच्या पाट्यांवर 'डी.ओ.एम.एस.' दिसतं ते तेच. कॉलेजांतल्या त्यातल्या बऱ्याच जागा पुढं एम.एस.च्या झाल्या. एम.एस. झालं की मोतिबिंदू करता येतो. पण पडदा, काचबिंदू, बुबुळ, लहान मुलांचे डोळे यातलं एक धरायचं म्हटलं तर पुढं वर्ष-दोन वर्षांची फेलोशिप. मी बेरीज केली. "सगळं विनाअडथळा झालं तर फेलोशिप संपेल तेव्हा तुझी बत्तिशी."

ती हसली, खरोखरची बत्तिशी दाखवत.

परदेशातलं करून आलीस तर इथं नोंदणीआधी ३०० प्रश्नांची परीक्षा, त्यात १५० पाहिजेत. एजंट विमानतळावरच्या फोटोंचा अल्बम दाखवतो, हा आकडा दाखवत नाही. बीएएमएसवाल्यांना शालाक्यतंत्रात एम.एस. करता येतं, त्यात डोळा येतो. २०२० च्या नोव्हेंबरात निघालेल्या अधिसूचनेनं त्यांच्या शस्त्रक्रियांची यादीच दिली, त्यावरून ॲलोपॅथीवाले रस्त्यावर उतरले होते. माझं मत विचारशील तर आयुर्वेद मनापासून आवडत असेल तर त्या वाटेनं जा. मोतिबिंदूकडं जायचा आडरस्ता म्हणून जाऊ नको, दोन्हीकडचं राहील.

आणि चौथी वाट, जी दाजींच्या यादीत नव्हती. बी.ऑप्टोम., म्हणजे नजर तपासण्याची पदवी. चार वर्षं, त्यात शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कामाचं. नंबर काढणं, कॉन्टॅक्ट लेन्स, तिरळेपणाचे व्यायाम, ज्यांना ऑपरेशननंही फार दिसणार नाही त्यांना उरलेल्या नजरेवर जगायला शिकवणं, भिंगाची मापं. पुढं दोन वर्षांचं एम.ऑप्टोम. २०२१ च्या कायद्यानं या धंद्याला केंद्रात स्वतंत्र आयोगाखाली आणलंय. पण म्हटलं, गोड गोड सांगत नाही. सुरुवातीचा पगार तुझ्या होस्टेलच्या भाड्यासमोर लाजेल असा असतो. सरकारी जागा निघायला वर्षं जातात. आणि बाजारात सहा महिन्यांत ऑप्टोमेट्रिस्ट करून देणाऱ्या पाट्याही आहेत, त्यांच्या दारातही उभं राहायचं नाही. विद्यापीठ कोणतं आणि वर्षं किती, दोनच प्रश्न विचारायचे.

तेवढ्यात दाजींचा फोन. स्पीकरवर. "तिला म्हणावं लहाने सरांकडं बघ. आपल्या रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचा माणूस. आईनं किडनी दिली, त्या किडनीवर उभं राहून लाखावर ऑपरेशनं केली, पद्मश्री घेतली. मनावर घेतलं तर काय होत नाही?"

डॉ. तात्याराव लहाने यांचं नाव आमच्याकडं प्रत्येक डॉक्टर होऊ घातलेल्या घरात एकदा तरी निघतं आणि ते निघावंच. मला त्यांच्याबद्दल आदर किती ते सांगायला नको. फक्त ते नाव लेकरांच्या पाठीवर छडीसारखं वापरलं जातं तेव्हा मला वाईट वाटतं. आणि दुसरं असं, की लाख ऑपरेशनं म्हटली की मला लाख वेळा मोजलेली भिंगं दिसतात. कुणीतरी मोजलेली. हे मी फोनवर दाजींना म्हणालो नाही. ते म्हणाले असते, तू आपलं तुझंच बघ.

गुरुवारी आमच्याकडं सर्जन मॅडम येतात, पंधरा दिवसांतून एकदा. निवडून ठेवलेले मोतिबिंदू त्या तपासतात, पक्के करतात, आणि मग त्या पेशंटांची गाडी ऑपरेशनला जाते. दुपारी डबा खाताना मी भाचीला पुढं केलं. मॅडमनी तिच्याकडं न बघता, भाकरी मोडत विचारलं, "शिलाई मशीन चालवता येतं का?"

"येतं की. आईचं हाय घरी. पायाचं."

"मग अर्धं येतं. डाव्या पायाखाली मायक्रोस्कोपचं पेडल, उजव्या पायाखाली फेकोचं, म्हणजे मोतिबिंदू आतच फोडून ओढून घेणाऱ्या यंत्राचं. दोन हात आत डोळ्यात. चारी हातपाय चार दिशेला आणि डोकं एका जागी."

मग त्या खुलल्या. एम.एस.च्या पहिल्या वर्षी सहा महिने नुसता नंबर काढला, फार चिडचिड व्हायची, म्हणाल्या. सकाळी सहाला खाटकाकडं स्टीलचा डबा घेऊन जायचं, बोकडाचे डोळे आणायचे, ते थर्माकोलात बसवून त्यावर टाके घालायचे. भिंगाच्या मागचं आवरण चार मायक्रॉनच्या आसपास, कांद्याचा पापुद्रा त्यापुढं गोधडी. ते फाटलं की आतलं पाणी पुढं येतं आणि पुढचा अर्धा तास देव आठवत राहतो. पहिल्यांदा फाटलं तेव्हा त्या जेवल्या नव्हत्या.

"आणि ऐक. एम.एस.ची जागा घ्यायची वेळ आलीच तर कॉलेजच्या इमारतीचा फोटो बघू नको. तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीला फोन लाव. तिला विचार, तुझ्या स्वतःच्या हातानं किती मोतिबिंदू झाले? फेको हातात देतात का नुसतं शेजारी उभं करतात? मोठ्या नावाच्या ठिकाणी तीन वर्षं कात्री पुढं करण्यात गेलेले लोक मला माहीत आहेत. जिथं गरीब पेशंटची रांग, तिथं शिक्षण." हे शेवटचं म्हणताना त्या थांबल्या. "चांगलं नाही वाटत हे वाक्य. पण खरंय. म्हणून शेजारी शिकवणारा पाहिजे, तो चहाला गेलेला नको."

भाचीच्या हातात चहाचा कप होता. तो बशीवर वाजत होता. तिनं कप खाली ठेवला आणि एकदम म्हणाली, "मॅडम, माझा हात थरथरतो." आणि हात पुढं केला. खरंच थरथरत होता, बारीक, पिंपळाच्या पानागत. दोन वर्षं हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सर्जन व्हायचं म्हणून अभ्यास करायचा आणि रात्री दिव्यापुढं हात धरून बघायचा.

मॅडमनी तिचं मनगट धरून टेबलाच्या कडेला टेकवलं. "आता?" थरथर निम्मी झाली. "आम्ही पेशंटच्या कपाळावर टेकवतो. हवेत हात धरून कुणीच ऑपरेशन करत नाही, पोरी. सकाळी खाल्लंस का काही?" खाल्लं नव्हतं.

मी तिला मदुराईच्या डॉ. वेंकटस्वामींचं सांगितलं. ऐन तरुणपणी संधिवातानं त्यांच्या हातांची बोटं वाकडी करून टाकली. बाळंतपणं करायचं ठरवलेला माणूस, ते सोडावं लागलं, तर डोळ्याकडं वळला. त्या वाकड्या बोटांत शस्त्र धरायला शिकला आणि लाखावर ऑपरेशनं केली. ५८ व्या वर्षी सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन १९७६ साली ११ खाटांचं अरविंद रुग्णालय काढलं. हे गोष्टीसारखं सगळे सांगतात. मला त्यातलं पुढचं जास्त आवडतं. तिथं खेड्यातल्या बारावी झालेल्या मुली घेतात, दोन वर्षं शिकवतात, आणि नंबर काढण्यापासून ऑपरेशनच्या टेबलाशी मदत करण्यापर्यंतचा डोंगर त्या उचलतात. सर्जन फक्त त्याला जे येतं तेवढंच करतो, म्हणून तो दिवसात इतकी करतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतही तसंच. डॉ. गुल्लापल्ली राव यांनी ती १९८७ मध्ये उभी केली, सिनेमावाल्या प्रसादांच्या देणगीवर. आमची नांदेड-उदगीरकडची माणसं निजामाच्या काळापासून कामाला हैदराबादेत जायची, आता डोळा घेऊन जातात. तिथून फिरून आलेला पेशंट सर्जनचं नाव विसरलेला असतो, पण 'एका पोरीनं तासभर डोळ्यात बघितलं' हे सांगतो.

त्या रात्री मी भाचीला माझी एक गोष्ट सांगितली. बायकोलाही पूर्ण सांगितलेली नाही.

धर्मादाय रुग्णालयात उमेदवारी करत होतो तेव्हाची. मोतिबिंदू काढला की आत कृत्रिम भिंग बसवतात, त्याचा नंबर आधी काढावा लागतो. त्यासाठी डोळ्याची लांबी मोजायची. मोठ्या माणसाचा डोळा तेवीस-चोवीस मिलिमीटर. त्या काळी आमच्याकडं ए-स्कॅन होतं, म्हणजे पेनासारखी कांडी बुबुळाला टेकवायची आणि ध्वनिलहरींवर लांबी यायची. टेकवायची. दाबायची नाही. दाबली की मऊ डोळा दबतो, लांबी कमी भरते, आणि एका मिलिमीटरला भिंगाचा नंबर अडीच-तीननं चुकतो. त्या दिवशी बेचाळीस पेशंट होते, मला जेवायचं होतं, आणि एका शिंपीकाकांच्या डोळ्यावर माझा हात अर्धा मिलिमीटर जड पडला.

ऑपरेशन अप्रतिम झालं. आमच्या सरांनी टाकाही घातला नाही, गरजच पडली नाही. महिन्यानं काका आले. "सुई ओवता येऊलाली की ओ बिनचष्म्याची," म्हणाले, खुशीत. "पर बसची पाटी दिसंना." नंबर उणे दीड. काकांनी तक्रार केली नाही, पेढे आणले होते. सरांनी माझी वही मागवली, मापं बघितली, वही बंद केली. ते एवढंच म्हणाले, "हात हलका ठेवत जा."

आमच्याकडं इंजेक्शन न दुखवणाऱ्या डॉक्टरला लोक म्हणतात, त्यांचा हात हलका आहे. मी ते कौतुक लहानपणापासून ऐकलेलं. त्या दिवशी ते मला वेगळ्या अर्थानं कळलं. ऑपरेशन करणाऱ्याचा हात सोन्याचा असून काय उपयोग, माझ्या हातानं आधीच अर्धा मिलिमीटर खाल्ला होता. आता डोळ्याला न शिवता प्रकाशानं मोजणारी यंत्रं आलीत. पण पूर्ण पिकलेल्या मोतिबिंदूतून प्रकाश पलीकडं जातच नाही, आणि आमचे पेशंट कारखान्यावरून आल्यावर, पूर्ण पिकवूनच येतात. कांडी अजून लागते.

भाचीनं विचारलं, "मग मी काय करू?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. हे खरं होतं. तिच्यात काय आहे ते मला दिसत नव्हतं. तिसऱ्यांदा नीट द्यायची तर दे, त्यात लाज नाही. पण ऑपरेशन करता आलं तरच डोळ्याचं काम, असं समजून देऊ नको. अंधारात बसून एकाच बाहुलीकडं दिवसाला साठदा बघायला कंटाळा येतो का, ते आधी बघ. ज्याला तो कंटाळा येतो तो एम.एस. झाला तरी कंटाळतो. मी असे दोन बघितलेत. त्यांचे दवाखाने चांगले चालतात, तो वेगळा विषय.

पुढच्या सोमवारी ओपीडी लवकर आटोपली. बाहेर एकदाचा पाऊस लागला होता, पेशंट पांगले. भाचीनं स्वतःहून रेटिनोस्कोप उचलला. "मामा, तुमच्यावर करू का?" बाहुली लहान असली की नवख्याला काही दिसत नाही, म्हणून मी माझ्या दोन्ही डोळ्यांत थेंब घातले आणि बाहुल्या मोठ्या होईपर्यंत डोळे मिटून पत्र्यावरचा पाऊस ऐकत बसलो. मग ती समोर आली, हातभर अंतरावर. कोपर टेबलाला टेकवलं. कुणी सांगितलं नव्हतं.

उजव्या डोळ्याला तिनं बराच वेळ लावला, भिंगं चुकीची लावली, परत काढली, शेवटी अधिक पाऊणवर आली. बरोबर होतं. मग डावा. पट्टी फिरली, थांबली. परत फिरली. ती काही बोलेना. मी म्हटलं, "काय झालं? सोबत हलतंय का उलटं?"

"हलतंय तर सोबतच. पण मामा, आत काहीतरी काळं हाय. रेघा. सायकलच्या आऱ्यागत."

"कुठं?"

"खालच्या अंगाला. नाकाकडं."

बुबुळावर काही नाही, ते मला स्लिट लॅम्पशिवायही ठाऊक होतं. लाल उजेडात आऱ्यांसारख्या काळ्या रेघा, खाली, नाकाच्या बाजूला. पुस्तकात काढलेल्या असतात तशा, मोतिबिंदू कडेनं सुरू होतो तेव्हाच्या. हजारो डोळ्यांत मी त्या बघितल्यात. माझी चाळिशी मी माझी मीच काढली होती, टेबलावर, वर्तमानपत्र धरून.

"किती आरे?"

ती परत वाकली. मनगट माझ्या कपाळावर टेकलं, ते गार होतं. "तीन. एक आखूड."

"कागदावर काढ."

मी कोरा केसपेपर तिच्याकडं सरकवला. बाहुल्या फाकल्यामुळं मला जवळचं काही नीट दिसत नव्हतं. पेन्सिलीचा आवाज तेवढा येत होता. तिनं आधी गोल काढला, मग वरच्या रकान्यात, मला न विचारता, माझं नाव आणि वय ४७ लिहिलं, आणि 'तक्रार' या रकान्यापाशी थांबून म्हणाली, "मामा, इथं काय लिहू?"